झोत आणि घेर: बिनतारी जाळ्यांतील दिशिक व चौफेर अँटेना

अँटेनात ताकद निर्माण होत नाही. रेडिओयंत्राने केबलमधून पाठवलेली ऊर्जा तो लहरींच्या रूपाने हवेत सोडतो, आणि त्या ऊर्जेपैकी कोणत्या दिशेला किती जाईल एवढेच त्याच्या हातात असते. डोंगराच्या एका सोंडेवरून पलीकडे हाळी देणारा माणूस दोन्ही हात तोंडाभोवती धरतो, तेव्हा त्याचा घसा जास्त जोराने चालत नाही. इकडेतिकडे पांगणारा आवाज समोर वळतो. पलीकडून आलेले उत्तर ऐकताना तोच तळहात कानामागे जातो. दिशिक अँटेनाचे काम याच दोन कृतींचे आहे, आणि त्याची किंमतही त्याच कृतींत आहे. ज्यांच्याकडे पाठ होते त्यांना हाळी ऐकू जात नाही. त्यामुळे ‘सर्वांत चांगला अँटेना कोणता’ हा प्रश्न अपुरा राहतो. कोणापर्यंत पोचायचे आहे आणि कोणाला सोडून दिले तरी चालणार आहे, हे आधी ठरवावे लागते.

तुलनेला एक माप लागते. वर, खाली, चहूकडे अगदी सारखी ऊर्जा सोडणारा एक बिंदू कल्पनेत धरला जातो. असा अँटेना प्रत्यक्षात बनवता येत नाही, पण हिशेबाला तो सोयीचा असतो. आपल्या सर्वांत ठळक दिशेला एखादा अँटेना या बिंदूच्या किती पट ऊर्जा पाठवतो, त्या पटीला गेन म्हणतात आणि तो डीबीआयमध्ये सांगतात. डेसिबलची पट्टी गुणाकाराची आहे: 3 डेसिबल म्हणजे दुप्पट, 10 म्हणजे दहापट, 20 म्हणजे शंभरपट. म्हणजे 24 डीबीआयचा अँटेना समोर सुमारे 250 पट ऊर्जा पाठवतो, आणि ती सगळी इतर दिशांच्या वाट्यातून काढून घेतलेली असते. अँटेनाच्या खोक्यावर गेनचा आकडा ठळक असतो आणि झोताचा कोन बारीक अक्षरांत असतो. हे दोन आकडे एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत आणि ते एकत्रच वाचायला हवेत.

घरातल्या वाय-फाय राउटरवर उभी असलेली काडी हा चौफेर अँटेनाचा सर्वांत परिचित नमुना. जाळी उभारणारे लोक त्याला ‘ओम्नी’ म्हणतात. 2.4 गिगाहर्ट्झला लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर असते. काडीच्या आत बहुधा लहरीच्या निम्म्या लांबीचा, म्हणजे सहाएक सेंटिमीटरचा, साधा द्विध्रुव असतो. आदर्श द्विध्रुवाचा गेन 2.15 डीबीआय. त्याच्या क्षेत्राचा आकार मेदूवड्यासारखा असतो आणि काडी त्या वड्याच्या भोकातून उभी असते. सभोवार सगळीकडे सारखी ऊर्जा, काडीच्या टोकाच्या रेषेत मात्र जवळजवळ काही नाही. दुमजली घरात खालच्या राउटरच्या नेमके वरच्या खोलीत रेंज रोडावते, तिला स्लॅबच्या जोडीला हेही एक कारण असते. दोन काड्यांपैकी एक आडवी केली की फरक पडू शकतो.

चौफेर अँटेनाचा गेनही वाढवता येतो. एकाच उभ्या नळीत अनेक द्विध्रुव एकावर एक रचले, की मेदूवडा दाबला जाऊन त्याची भाकरी होते. तो बाहेर दूरवर पसरतो आणि उंचीला पातळ होतो. 12 डीबीआयच्या ओम्नीत ही जाडी सुमारे 7 अंशांवर येते. असा अँटेना 30 मीटर उंच मनोऱ्यावर सपाट पातळीत लावला, तर त्याच्या मुख्य झोताची खालची कड जवळपास अर्ध्या किलोमीटरवर जमिनीला टेकते. त्याच्या आतल्या घरांना मिळते ते उरलेसुरले. दिव्याखाली अंधार ही म्हण इथे अक्षरशः लागू पडते. सपाट माळरानावर हे खपून जाते. सह्याद्रीच्या घड्यांमध्ये मात्र गाव एका पातळीवर, वाड्या दुसऱ्या पातळीवर आणि मनोरा तिसऱ्या पातळीवर असतो. तिथे भाकरीसारखे पातळ क्षेत्र डोक्यावरून निघून जाते आणि कमी गेनचा जाड वडाच जास्त घरांपर्यंत पोचतो.

दिशिक अँटेनाची कल्पना रेडिओच्या जन्माइतकी जुनी आहे. हाइनरिश हर्ट्झने 1888 मध्ये विद्युतचुंबकीय लहरींचे गुणधर्म तपासताना जस्ताच्या पत्र्याचे अन्वस्त आरसे वापरले होते. आजची डिश त्याच आरशाची वंशज आहे. जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग केले. 1897 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी मांडलेल्या उपकरणांत कर्ण्याच्या आकाराचा अँटेनाही होता. जपानच्या सेंडाई येथील तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी 1926 मध्ये आडव्या कांड्यांचा अँटेना मांडला. मागे थोडी लांब परावर्तक कांडी, मध्ये केबल जोडलेली कांडी आणि पुढे लहान होत गेलेल्या दिग्दर्शक कांड्या अशी त्याची रचना. केबल फक्त एकाच कांडीला जोडलेली असते. बाकीच्या कांड्या आपल्यावर पडलेली लहर पुन्हा सोडतात आणि त्या सगळ्यांची बेरीज समोरच्या दिशेला जुळते. दूरदर्शनच्या काळात पुण्याच्या गच्च्यांवर सिंहगडावरच्या मनोऱ्याकडे तोंड करून उभे असलेले अँटेना याच घराण्यातले. वाऱ्याने अँटेना वळला की पडद्यावर मुंग्या येत. वर जाऊन कोणी तरी तो फिरवायचा आणि खालून ‘आलं, आलं’ अशी हाक यायची. झोत, दिशा आणि ती चुकण्याची किंमत एका पिढीने अशी हाताने शिकलेली आहे.

महाराष्ट्राच्या वाट्याला या इतिहासातले आणखी एक पान येते. मार्कोनी कंपनीच्या ‘बीम’ पद्धतीने भारत आणि इंग्लंड यांच्यात बिनतारी तारसेवा सुरू झाली ती 1927 मध्ये. प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला होते. त्याआधी खंडापलीकडे संदेश धाडायला प्रचंड लांबीच्या लहरी आणि प्रचंड वीज लागे. लघुलहरींवर तारांचा मोठा पडदा उभारून सगळी ऊर्जा एका ठरलेल्या दिशेला वळवली, तेव्हा फार कमी विजेत तेच काम होऊ लागले. खडकीच्या केंद्राला सगळ्या जगाशी बोलायचे नव्हते. इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यातल्या केंद्राशीच त्याचे काम होते. दिशिक अँटेना कुठे शोभतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचित सापडेल.

आजच्या वाय-फायच्या पट्ट्यांत या अँटेनांचे चार-पाच प्रकार बाजारात मिळतात. भिंतीवर लावायचा चपटा पॅनेल 60-70 अंशांचा कोन भरतो आणि अंगण, सभागृह किंवा शाळेची इमारत यांना पुरतो. सेक्टर अँटेना आडवा 90 किंवा 120 अंश पसरतो आणि उभा अरुंद असतो. मोबाइलच्या मनोऱ्यावर दिसणाऱ्या उभ्या फळ्या त्या याच. कांड्यांचा यागी अँटेना मध्यम अंतराला बरा. लांबच्या अंतराला डिश किंवा तिची जाळीदार बहीण, म्हणजे ग्रिड. वारा जाळीतून निघून जातो, त्यामुळे खांबावर भार कमी येतो. डिशचा गेन तिच्या व्यासावर आणि लहरीच्या लांबीवर ठरतो. 60 सेंटिमीटरची डिश 2.4 गिगाहर्ट्झला सुमारे 21 डीबीआय देते आणि तीच 5.8 गिगाहर्ट्झला 28 डीबीआयच्या पुढे जाते, कारण लहर आखूड झाली की तोच आरसा तिच्या मानाने मोठा होतो.

फरक किती पडतो, हे 10 किलोमीटर अंतरावरच्या दोन गावांच्या हिशेबात दिसते. मोकळ्या हवेत 2.4 गिगाहर्ट्झची लहर इतके अंतर जाताना सुमारे 120 डेसिबल गमावते. दोन्हीकडे साध्या काड्या आणि 100 मिलिवॉटचे, म्हणजे 1 मिलिवॉटच्या तुलनेत 20 डेसिबलचे (20 डीबीएमचे), यंत्र असेल तर पलीकडे उणे 96 डीबीएमच्या आसपास संकेत उरतो. वाय-फायच्या ग्राहक यंत्राला सर्वांत मंद वेगासाठीही साधारण उणे 90 च्या वर काही तरी लागते. म्हणजे जोडणी होतच नाही. आता दोन्ही टोकांना 24 डीबीआयच्या ग्रिड लावल्या आणि यंत्राची ताकद उलट 16 मिलिवॉटपर्यंत खाली आणली, तर पलीकडे उणे 60 डीबीएम पोचतो. ताकद सहाव्या हिश्शावर आली आणि मिळालेला संकेत मात्र सुमारे 4000 पट वाढला.

ताकद खाली आणण्यामागे कायदा आहे. भारतात 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा 2005 पासून परवान्याविना वापरता येतो, पण यंत्राची ताकद आणि अँटेनाचा गेन मिळून समोरच्या दिशेला 4 वॉटपेक्षा जास्त परिणाम होता कामा नये. 16 मिलिवॉट आणि 24 डीबीआय मिळून ती मर्यादा बरोबर गाठली जाते. युरोपात हीच मर्यादा 100 मिलिवॉट इतकी कडक आहे. अमेरिकेत ठरावीक दोन टोकांमधल्या जोडणीला सवलत आहे: 6 डीबीआयच्या वर गेन 3 डेसिबलने वाढला की यंत्राची ताकद 1 डेसिबलने उतरवायची. आता, बाहेर पडणारा झोत कायद्याने बांधलेला असेल, तर जास्त गेनचा उपयोग काय असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर ऐकण्याच्या बाजूला आहे. अँटेना पाठवताना जितका एकाग्र असतो तितकाच ग्रहण करतानाही असतो. या गुणाला परस्परता म्हणतात. ऐकण्यावर कोणत्याही कायद्याची मर्यादा नाही. वरच्या उदाहरणात ग्राहक टोकाच्या 24 डेसिबलची भर पूर्णपणे फुकट मिळते.

शिवाय अशा अँटेनाला गोंगाट कमी ऐकू येतो, आणि बहुतेक जाळ्यांत हा फायदा अंतरापेक्षा मोठा ठरतो. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शेजारची वाय-फाय, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह भट्टी असे सगळे एकत्र बोलत असतात. चौफेर अँटेना हे सगळे इमानेइतबारे गोळा करतो. अरुंद झोताचा अँटेना त्यातला बराचसा भाग पाठीमागे सोडतो. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 डिश तर नुसत्या ऐकण्यासाठीच उभ्या आहेत. शहरी गच्चीवर ‘रेंज आहे पण नेट चालत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा गोंगाटाची असते. तिच्यावर जास्त ताकदीचे यंत्र हा उपाय नव्हे. त्याने शेजाऱ्याचाही गोंगाट वाढतो, आणि मग तोही ताकद वाढवतो.

झोत अरुंद झाला की काळजी वाढते. 60 सेंटिमीटरच्या डिशचा झोत 5.8 गिगाहर्ट्झला साधारण 6 अंशांचा असतो. 10 किलोमीटरवर तो सुमारे 1 किलोमीटर रुंद होतो. ऐकायला हे ऐसपैस वाटते, पण खांब 3 अंश कलला की निम्मी ऊर्जा गेली. दिशा लावताना आणखी एक फसगत होते. मुख्य झोताच्या दोन्ही बाजूंना लहान पाकळ्या असतात. डिश हळूहळू फिरवताना प्रथम अशी पाकळी सापडते, संकेत चढून उतरतो, आणि काम झाले असे समजून बोल्ट आवळले जातात. खरा झोत काही अंश पलीकडे, कितीतरी पटींनी बलवान असा, तसाच राहतो. जोडणी उन्हाळाभर चालते आणि पहिल्या वादळात तुटते. अपेक्षित संकेताचा हिशेब आधी कागदावर केलेला असेल तर ही चूक लगेच ध्यानात येते. म्हणूनच तो हिशेब टाळू नये.

डोळ्यांना समोरचा मनोरा दिसतो एवढ्यानेही भागत नाही. दोन अँटेनांमधली लहर भोपळ्यासारख्या फुगीर जागेतून जाते, आणि त्या जागेचा बराच भाग मोकळा असावा लागतो. 2.4 गिगाहर्ट्झला 10 किलोमीटरच्या मध्यावर या फुगवट्याची त्रिज्या सुमारे 17 ते 18 मीटर भरते. निदान 60 टक्के, म्हणजे साडेदहा मीटर तरी, मोकळे हवे. 5.8 गिगाहर्ट्झला हाच फुगवटा 11 मीटरांवर येतो. झाडे हा इथला खरा शत्रू. सागाची पाने उन्हाळ्यात गळलेली असतात, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये पाहणी केली तर वाट स्वच्छ दिसते. जुलैत तीच झाडे हिरवीगार होतात, पाने ओली असतात, आणि पाणी या लहरी शोषून घेते. पावसाच्या धारांचा या पट्ट्यांवर फारसा परिणाम होत नाही, पण लोक दोष पावसाला देतात. खरे कारण ओल्या पानांत असते किंवा कनेक्टरमध्ये शिरलेल्या पाण्यात.

केबलचा मुद्दा थोडक्यात सांगता येतो. बारीक कोॲक्सियल केबल 2.4 गिगाहर्ट्झला मीटरमागे जवळपास 1 डेसिबल खाते. गच्चीवर अँटेना, खाली खोलीत यंत्र आणि मध्ये 20 मीटर केबल, असे केले तर शंभरातला एक भागच वर पोचतो. म्हणून आता यंत्र थेट अँटेनाच्या पाठीवर बसवतात आणि खाली इथरनेटची केबल सोडतात; तिच्यातून वीजही वर जाते. दोन्ही टोकांच्या अँटेनांचे ध्रुवीकरण जुळले पाहिजे, एक उभा आणि एक आडवा नको. ही चूक झाली की 20 डेसिबलपर्यंत नुकसान होते.

आतापर्यंतचा हिशेब भौतिकशास्त्राचा झाला. जाळ्याचा हिशेब वेगळा आहे. वाय-फायचा शिष्टाचार बैठकीतल्या माणसांसारखा आहे: आधी कान द्यायचा, कोणी बोलत नसेल तरच बोलायचे, आणि पोचपावती आली नाही तर पुन्हा बोलायचे. सगळ्यांना सगळे ऐकू येते, हे त्यात गृहीत धरलेले आहे. दिशिक अँटेना ते गृहीतच मोडतो. मध्यवर्ती मनोऱ्याकडे तोंड केलेली दोन गावे एकमेकांना ऐकू शकत नाहीत, त्यामुळे दोघे एकाच वेळी बोलतात आणि मनोऱ्यावर दोघांचे शब्द एकमेकांत मिसळतात. ग्राहक वाढले की हा घोळ वाढत जातो. पोचपावतीची वाट पाहण्याची वेळही काहीशे मीटर अंतराच्या बेताने ठरवलेली असते. लांबच्या जोडणीत पावती वाटेत असतानाच यंत्र ती हरवली असे समजते आणि तेच वाक्य पुन्हा बोलू लागते.

यावर भारतात महत्त्वाचे काम झाले आहे. आयआयटी कानपूरच्या ‘डिजिटल गँजेटिक प्लेन्स’ प्रकल्पाने साधी वाय-फाय यंत्रे आणि दिशिक अँटेना वापरून गावे जोडली आणि या शिष्टाचारातल्या अडचणी नेमक्या दाखवून दिल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील गटाने लांब पल्ल्यासाठी शिष्टाचारच बदलला: प्रत्येकाला बोलायची पाळी वेळेने वाटून दिली. तमिळनाडूतील थेनी येथे अरविंद नेत्र रुग्णालयाने अशा जोडण्यांवरून गावोगावच्या दृष्टी केंद्रांतील रुग्णांची डॉक्टरांशी गाठ घालून दिली. एर्मानो पिएत्रोसेमोली यांनी 2007 मध्ये व्हेनेझुएलातील दोन शिखरांमध्ये 382 किलोमीटरची वाय-फाय जोडणी करून दाखवली, तिथेही बर्कलीच्या गटाचाच बदललेला शिष्टाचार कामी आला. दोन्ही दिशांना सुमारे 3 मेगाबिटचा वेग मिळाला. लहरीला एकीकडून दुसरीकडे जायला सव्वा मिलिसेकंद लागतो. मूळ शिष्टाचाराला तेवढा धीर नव्हता. या उदाहरणांत अँटेनाने दिले ते अंतर. वापरण्याजोगे जाळे झाले ते वेळेच्या वाटणीमुळे. सध्या बाजारात मिळणाऱ्या दूर पल्ल्याच्या बहुतेक यंत्रांत वेळेच्या वाटणीची सोय असते आणि ती चालू करायला विसरू नये.

प्रत्यक्षातली बहुतेक जाळी मिश्र असतात. मध्यभागी सगळीकडे पाहणारा कोणी तरी हवाच. कडेच्या घरांना मात्र एकाच दिशेला पाहायचे असते. मध्यभागी ओम्नी लावणे स्वस्त आणि सोपे, पण तो साऱ्या परिसराचा गोंगाट ऐकतो आणि सगळे ग्राहक एकाच यंत्राचा वेळ वाटून घेतात. त्याऐवजी 120 अंशांचे तीन सेक्टर वेगवेगळ्या वाहिन्यांवर लावले तर क्षमता जवळपास तिप्पट होते, खर्चही त्याच प्रमाणात वाढतो. दहा-बारा घरांपर्यंत ओम्नी, त्यापुढे सेक्टर, आणि दूरच्या प्रत्येक टोकाला पॅनेल किंवा डिश ही वाटणी सहसा चुकत नाही. आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने पालघर जिल्ह्यातल्या गावांत असेच मधल्या पल्ल्याचे जाळे उभारले. आधी दूरचित्रवाणीच्या रिकाम्या यूएचएफ पट्ट्यात प्रयोग झाले, कारण त्या लांब लहरी झाडीतून बऱ्यापैकी वाट काढतात, नंतर 5.8 गिगाहर्ट्झच्या खुल्या पट्ट्यावर जोडण्या केल्या गेल्या. आखूड लहरीला लहान डिशमध्ये मोठा गेन मिळतो, पण वाट स्वच्छ लागते. लांब लहर आडोशाला दाद देत नाही, पण तिचा दिशिक अँटेना अवजड होतो. एकाच जिल्ह्यातल्या दोन गावांसाठी या दोन पर्यायांची उत्तरे वेगळी निघू शकतात.

घराच्या आत चित्र उलटे होते. भिंती, कपाटे आणि पत्रे यांच्यावरून लहरी परावर्तित होतात आणि ग्राहकापर्यंत अनेक वाटांनी पोचतात. फोन घेऊन माणूस खोल्यांतून फिरत असतो. अशा जागी अरुंद झोत लावला तर एक खोली उजळते आणि तीन काळोखात जातात. वाय-फायच्या 2009 च्या 802.11एन मानकापासून अनेक अँटेना एकत्र वापरून या वेगवेगळ्या वाटांवरून वेगवेगळी माहिती पाठवता येते. जुन्या काळी त्रासदायक असलेली परावर्तनेच त्यामुळे उपयोगी पडू लागली. 2013 च्या 802.11एसीमध्ये झोत विजेने वळवण्याची एकच सर्वमान्य पद्धत ठरली. राउटर प्रत्येक अँटेनाकडे जाणाऱ्या लहरीची वेळ किंचित मागेपुढे करतो, आणि समोरच्या फोनच्या जागी सगळ्या लहरी एकमेकींना बळ देतील असे पाहतो. पुढच्या क्षणी दुसऱ्या फोनसाठी तो हीच जुळणी बदलतो. 5जीच्या मनोऱ्यांवर अनेक अँटेना-घटकांच्या फळ्या हेच काम मोठ्या प्रमाणावर करतात. चौफेर पोच आणि दिशेचा लाभ यांची सांगड अशी काही अंशी बसते. काही अंशीच, कारण गेन शेवटी घटकांच्या संख्येवर ठरतो. चार घटकांच्या राउटरला आदर्श परिस्थितीत एका काडीपेक्षा 6 डेसिबल जास्त मिळतात. 60 सेंटिमीटरच्या साध्या, मुक्या डिशला 5.8 गिगाहर्ट्झला त्याच काडीपेक्षा 26 मिळतात. खोलीतल्या फिरत्या फोनमागे जाणे डिशला जमत नाही. दोन टेकड्यांमधले 10 किलोमीटर मात्र आजही तिच्याच भरवशावर पार होतात.